दांडा, गिट्टी आणि माझा तोल

प्रिय सोन्या,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण खाडाखोडीचं पान आमच्या शाळेतल्या सिस्टर टरकन फाडून हातात द्यायच्या, ती धास्ती या वयातही गेलेली नाही. तेव्हा राहू दे. पुढचं मात्र खुर्चीत नीट बसून वाच. अक्षरावरून कळलंच असेल की उजव्या हाताने लिहिते आहे. मनगट जरा वाकडं जुळलंय, पण लिहिण्यापुरतं आणि कान पिळण्यापुरतं चालतंय.

मी पडले, त्यानंतर तू माझ्याच हॉलमध्ये मामाला आणि आत्याला बोलावून बैठक भरवलीस. ती मी आतल्या खोलीतून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. हात मोडला होता, कान नाही. आईचा हल्ली तोल जातो, असं तू इतक्या हळव्या आवाजात म्हणालास की आत्याला रुमाल शोधावा लागला. मामाने लगेच री ओढली, वय झालं, आता एकटीला ठेवणं बरं नाही. मग तू ते गुळगुळीत माहितीपत्रक बाहेर काढलंस. वृद्धांसाठी सर्व सोयींनी युक्त निवास, रोज संध्याकाळी हास्यवर्ग. मी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून हसले नाही, आता वर्गात बसून हसू? त्या बैठकीत एकाच माणसाने विचारलं, की आईंना विचारलं का? ती तुझी बायको होती. तिला तू डोळ्यांनी गप्प केलंस, हे दाराच्या फटीतून दिसलं. चार दिवसांनी कुणी घरविक्रीचा दलाल येऊन माझ्या भिंती बोटाने ठोकून पाहून गेला. मी समोर बसले होते. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, ही खुर्ची पण राहणार का?

पडले तेव्हा माझ्या हातात काय होतं, हे मात्र कुणीच विचारलं नाही. दांडा होता. बाथरूममधला आधाराचा दांडा. तू सुट्टीत आलास तेव्हा मोठ्या थाटात बसवलास, आणि ‘आईसाठी’ असं लिहून त्याचा फोटो सगळ्या गोतावळ्याला पाठवलास, तोच. त्याला धरून मी उठत होते. केकमधून मेणबत्ती निघावी तसा तो अलगद भिंतीतून निघून आला. म्हणजे तोल माझा गेला नाही, भिंतीने दांडा सोडला आणि दांड्याने मला. नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. दांडा बसवता येईना म्हणून आईच वाकडी, हे तुझ्याकडून शिकले.

शेजारीण येईपर्यंत करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून फरशीवर पडल्या पडल्या मी दांड्याच्या टोकाचा स्क्रू बघत होते. त्याच्यावर ती प्लॅस्टिकची गिट्टी होती, जी आधी भिंतीच्या भोकात बसवतात आणि मग तिच्यात स्क्रू पिळतात. स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते, भिंतीला आतून घट्ट धरते. तुझी गिट्टी फुगलीच नव्हती. भोक आठ मिलिमीटरचं, गिट्टी सहाची, आणि स्क्रू तर चष्म्याला शोभावा असा. सैल लागलं म्हणून बाजूने टूथपेस्ट भरलीस. वास येत होता, पुदिन्याचा! शिवाय गिट्टी इतकी आखूड की टाइल आणि गिलावा संपेपर्यंत तीच संपली, विटेला तिने तोंडसुद्धा दाखवलं नाही. ती मी मुठीत धरून दवाखान्यात नेली, आणि तेव्हापासून ती माझ्या गोळ्यांच्या डबीत आहे.

माझी नोकरी काय होती, ते तू विसरलास. बाटल्यांच्या कारखान्यात मी तपासनीस होते. झाकण बाटलीच्या मानेवर बसतं की नाही, एवढंच बघण्यात माझी उमर गेली. जे बसत नाही त्याला फुली मारायची आणि माल परत. शिवणाच्या सिस्टर तर आम्हाला बटण हातात घेतल्याशिवाय काजाला कात्री लावू द्यायच्या नाहीत. तू आधी भोक पाडतोस आणि मग खिशात काय आहे ते बघतोस. तुझ्या बाबांनी जन्मात एक खिळा सरळ ठोकला नाही, पण ठोकल्याचा फोटोही कधी काढला नाही.

तर मी ड्रिल विकत आणलं. दुकानदाराने विचारलं, घरी कुणी पुरुषमाणूस नाही का? म्हटलं, होता, त्याच्यामुळेच यावं लागलं. मागच्या गॅलरीच्या भिंतीवर हात बसवला. त्या भिंतीची चाळणी झाली आहे, पण भिंत माझी आहे. मग तुझी भोकं बुजवून, वीतभर वर, आठचं भोक, आठचीच गिट्टी, लांब, पार विटेत जाईल अशी, आणि तिला साजेसा जाड स्क्रू. काल मामा आला तेव्हा त्याला त्या दांड्याला लोंबकळायला लावलं. मामाचं वजन तुला माहीत आहे. पाय उचलून लटकला, दांडा कुरकुरलासुद्धा नाही. खाली उतरून त्याने डबीतली तुझी गिट्टी बघितली आणि लगेच आत्याला फोन लावला. दलालाला मी स्वतः कळवलंय की खुर्ची राहणार आहे, आणि तिच्यात बसणारीही.

मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा तू मला तुझ्या घरी ठेवलंस. तिथे तुमच्या पलंगाच्या उशाशी भिंतीवर ती लांब फळी आहे. तिच्यावर तुझे जाडजूड ग्रंथ आणि कंपनीने दिलेली दगडी ढाल. आईच्या बाथरूममधून उरलेल्या गिट्ट्यांवर मीच बसवली, असं तू अभिमानाने सांगितलंस. तोवर वाटत होतं की तू जाणूनबुजून लपवतो आहेस. फळी बघून कळलं की तुला खरंच वाटतं, चूक माझीच होती. लबाडी असती तर एखादवेळी माफ केली असती. मी छान म्हणाले. निघण्याआधी फळी आणि भिंत यांच्यामध्ये नख घालून पाहिलं. गेलं. त्यानंतर मला फार शांत झोप लागते आहे. तू दवाखान्यात पडल्यावर नातेवाइकांना काय सांगायचं, तेही ठरवून ठेवलं होतं: हल्ली याचा तोल जातो. पण त्या पलंगावर सूनबाईही झोपते, जिने माझे केस धुतले आणि नखं कापली. म्हणून तिला मी फोन करून हॉलमध्ये झोपायला सांगितलं. तुझ्या घोरण्याचं निमित्त तिने सांगितलं असेल. घोरतोस हे खरं, पण कारण ते नव्हे. तुला पत्र मिळेपर्यंत काही सांगू नकोस, असंही मीच बजावलं, आणि पत्र मुद्दाम साध्या टपालाने धाडते आहे. ते मिळेल त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ड्रिल घेऊन येते. मामा आणि आत्याही येतील. फळी तू दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची, ग्रंथ आणि ढालीसकट, आणि सगळ्यांसमोर त्याच हळव्या आवाजात म्हणायचं, की आईचा तोल गेला नव्हता, मी गिट्टी चुकीची बसवली. म्हणालास की मी पहिला स्क्रू पिळेन. तोवर मी चहा घेत बसेन.

तुझीच, दोन्ही पायांवर उभी असलेली,
आई