पावणेसहा रुपयांची मुलगी

नेर, गुरुवार, ५ जानेवारी २००६

तीर्थस्वरूप आत्याबाईंना सून कोकिळाचा नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे? वणीत कोळशाची धूळ आणि इथे नेरला मोसमात जिनिंगमधून उडणारा कापूस. आपल्या घराण्याच्या नाकात एकीकडून काळं जातं आणि एकीकडून पांढरं, असं हे म्हणतात. (हे म्हणजे तुमचा गोपाल. तुम्हाला लिहितानाही नाव घ्यायला जड जातं, हसू नका.) झोपताना ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकत जा. आम्ही तिघंही बरे आहोत. ‘तिघं’ हा शब्द लिहून मी थोडा वेळ नुसती त्याच्याकडे पाहत बसले होते. चौदा वर्षं पत्रात ‘आम्ही दोघं’ लिहिण्याची सवय, हात आपोआप तिकडे वळतो.

तुमचं कार्ड सोमवारी मिळालं. संक्रांतीला तुम्ही येणार आणि पोरीला हुस्नाबीकडून रीतसर परत विकत घेऊन टाकणार, हे वाचून यांना फार आनंद झाला. मलाही झाला. (माझा जरा वेगळ्या जातीचा आहे, त्याचं पुढे सांगते.) पण तुम्ही बाराव्या दिवशी विक्री उरकून वणीची बस धरलीत आणि त्या विक्रीनं इथे पुढे काय काय केलं हे तुम्हाला कोणी कळवलंच नाही, म्हणून आधी ते.

ती विक्री मला अजून स्वप्नात पाहिल्यासारखी आठवते. बाळंतिणीची झोप म्हणजे अर्धी इकडे, अर्धी तिकडे. शेगडीवरच्या शेपा-ओव्याचा धूर खोलीत तरंगत होता आणि त्या धुरात तुम्ही सूप पुसत होतात. आधीची दोन बाळं गेली तेव्हा तुम्हीच माझ्या उशाशी बसला होतात. म्हणून तुम्ही जेव्हा म्हणालात, “हे लेकरू आपलं नाहीच म्हनाचं बाई, दुसऱ्याच्या घरचं हाय म्हनाचं, मंग त्याले कोनी हात लावत नाही,” तेव्हा मी, अकरावी-बारावीला इतकी वर्षं मराठी शिकवणारी बाई, एक शब्द बोलले नाही. उलट घाईच झाली होती मला. तुम्ही पोरीला सुपात घालून मागच्या दारानं बाहेर दिलंत, आणि शेजारच्या हुस्नाबीनं पदर पसरून घेतलं. सव्वा रुपया आणि धान्याचं माप अशी तुमची किंमत होती. हुस्नाबीकडे नाणी निघाली, पण धान्य चक्कीवर गेलेलं, म्हणून तिनं नवऱ्याच्या, जफरभाईंच्या, गाद्यांच्या दुकानातून पावशेर कापूस आणला. हे जिनिंगमध्ये काट्यावर, त्यामुळे कापूस दिसला की त्यांच्या तोंडून भाव निघणारच. सव्वा आणि साडेचार मिळून पावणेसहा, असं ते दारातूनच म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, की मागच्या साली जन्मली असती तर साडेसात आले असते. तुम्ही रागानं पाहिलंत म्हणून ते गप्प झाले. नाहीतर दोन सालांच्या भावातला फरक त्यांनी त्या दिवशी पोरीच्या कानात सांगितला असता.

आता माझ्या रजेचं. आमच्या कॉलेजात माझी नेमणूक तासिकेवर, म्हणजे जितके तास शिकवले तितके पैसे. दिवसाला दोन तास, तासाला तीस रुपये. बाळंतपणाच्या रजेसाठी मी संस्थेचे सचिव पुंडलिकराव यांच्याकडे सातव्या महिन्यात पोट सावरत गेले, तेव्हा त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. “रजा घ्या ना मॅडम, पाहिजे तेवढी घ्या,” ते इतक्या मायेनं म्हणाले की मला भरून आलं. घरी येईपर्यंत मी तरंगतच होते. यांनी विचारलं, “पगारी का?” तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की ते विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी गेले तर ते आणखी मायेनं म्हणाले, की पगार पदाला असतो, तुम्हाला पदच नाही, तर रजा तरी कशातून कापायची? तुम्ही अगदी मोकळ्या आहात. फक्त दिवाळीची सुट्टी संपली की हजर व्हा, कारण अर्पिता म्हणून एक मुलगी अर्ज घेऊन दोनदा येऊन गेली आहे. (मी तिला पाहिलं. गोड मुलगी आहे. तिला बघून मला माझे पहिले दिवस आठवले आणि तिचा रागही येईना, ही आणखी एक अडचण.)

तेव्हा पोर सात आठवड्यांची असताना मी उभी राहिले ती या प्रश्नापुढे, की दोन तास शिकवायला, जायला-यायला धरून तीन तास, हिला ठेवायची कुठे? माझी आई असती तर गोष्ट वेगळी. यवतमाळला एक पाळणाघर निघालं आहे असं कळलं. तिथली एका महिन्याची फी माझ्या एका महिन्याच्या तासिकांपेक्षा दोनशेनं जास्त निघाली, वर एसटीचं भाडं. मी कागद घडी करून ठेवून दिला. मग तांड्यावरच्या लालीबाईला विचारलं. ती कापूस वेचायला जाते, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते हे तुम्हाला सांगायला नको. पोर सांभाळायचे काय घेशील म्हटल्यावर तिनं पोरीला हातावर तोललं, बाजारात भोपळा तोलतात तसं, आणि म्हणाली, “मले किलोनंच दे बाई. रोजचे किलोमागं दहा. वेचनीत वीस किलो होते दिवसाले, हे त चारच हाय, भाव जास्तच लागन.” मला त्यात काही चूक दिसेना. अजूनही दिसत नाही. ज्यात कष्ट जास्त त्याला पैसे जास्त, आणि चार किलोच्या पोरीपेक्षा आठ किलोची पोर उचलायला जड, हे उघड आहे.

झालं. दर सोमवारी सकाळी आमची वरात जिनिंगवर. पुढे हे, मागे पोरीला घेऊन मी, त्यामागे पदर खोचून लालीबाई. सरकीची पोती तोलायच्या काट्यावर दुपटं अंथरायचं, पोरीला ठेवायचं, हे चष्मा वर करून पाहायचे. पहिल्या सोमवारी चार किलो तीनशे भरली आणि नेमकी तिथेच दुपटं ओलं केलं. यांचा हात सवयीनं चालला. त्यांनी शंभर ग्रॅम ओलाव्याचे वजा करून चार दोनशे लिहिले. लालीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “कापसात काटता ते काटा भाऊ, पोरीत कायले काटता?” काट्यावर रांगेत उभे असलेले शेतकरी, ज्यांचा यंदा सगळ्यांनी सगळीकडे ओलावाच काटला होता, ते एकमुखानं लालीबाईच्या बाजूनं झाले. यांना शंभर ग्रॅम परत द्यावे लागले. त्या लोकांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे हसू आलं, ते या मोसमात मी प्रथमच पाहिलं.

पण आत्याबाई, यातली गोम माझ्या उशिरा लक्षात आली. माझे रोजचे साठ. पोर सहा किलोची झाली की माझं आणि लालीबाईचं बरोबर फिटलं, आणि सहाच्या वर गेली की मी पदरचे घालून मराठी शिकवणार. आणि पोर तर अंग धरत होती. मनगटाला वळी पडली, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली. शेजारणी म्हणायच्या, काय छान बाळसं धरलं. आणि मी मनातल्या मनात दहानं गुणायची. ज्या पोरीसाठी चौदा वर्षं वाट पाहिली, तिच्या गालांकडे मी धास्तीनं बघू लागले. एकदा पाजताना ती मध्येच झोपली, तर ‘बरं झालं, शंभर ग्रॅम वाचले’ असं मनात आलं. मग मी तिला उठवून पुन्हा पाजलं आणि स्वतःशीच रडले. (पुढच्या सोमवारी पाच किलो भरली. लालीबाईनं साखर वाटली.)

ही साखरच नडली. लालीबाई ती हुस्नाबीलाही देऊन आली, कशाची ते सांगून. संध्याकाळी हुस्नाबी दारात. चेहरा असा, की मी पिती पोर बाजूला करून उभी राहिले. “माझी पोरगी तू किलोनं देऊन राह्यली,” ती म्हणाली, “मले पुसलं का? पैसे टाकून घेतली मी, आत्याबाईच्या समोर.” मला आधी वाटलं थट्टा आहे. पण तिचे डोळे भरले होते. तिचा मुलगा साजिद वणीकडे ट्रकच्या गॅरेजात, घर सुनं. आणि तुमच्या त्या सुपाकडे आपण सगळ्यांनी रीत म्हणून पाहिलं, तिनं एकटीनं ते खरं मानलं होतं. पैशांचं विचारलं तर म्हणाली, “आपलीच पोरगी सांभाळाचे पैसे कोनाकडून घेऊ?” लालीबाई दुसऱ्या दिवशीपासून वेचणीला परत गेली, जाताना पोरीला उचलून म्हणाली, “पाच हाय. लिहून ठेव.”

तेव्हापासून पोर दहा ते एक हुस्नाबीकडे असते. एकदा या आणि बघा. दुकानाच्या मागच्या खोलीत, पडदा लावून, झोळी टांगली आहे. पुढे जफरभाईंचं पिंजायचं यंत्र गुणगुणत असतं, फार नाही, यंदा नवी गादी कोण भरतो. ते बंद असलं की हुस्नाबी भिंतीवरचं सासऱ्याच्या वेळचं पिंजायचं धनुष्य काढते आणि त्याची तार नुसत्या बोटानं छेडते. धुंग, धुंग, धुंग. तेवढ्यावर पोर झोपते. कवाडाच्या फटीतून उन्हाची एक तिरीप येते आणि तिच्यात कापसाचे तंतू वर-खाली करत असतात, पडतही नाहीत, उडतही नाहीत. ते पाहून हुस्नाबीनं तिचं नाव ठेवलं आहे कहकशां. म्हणजे आकाशगंगा. (नाव तुम्ही आल्यावर ठेवायचं होतं, ठाऊक आहे. पण मालकीण ती.) मी वर्गात फळ्यावर लिहिते, खडूचा भुगा खाली झरतो, आणि मला तो तिकडचाच वाटतो. परवा कवितेच्या मध्येच मी थांबले, किती वेळ कोण जाणे. मागच्या बाकावरचा एकजण अगदी हळू म्हणाला, “मॅडम घरी गेल्या.” आणि खरंच गेले होते.

तर असं सगळं ठीक आहे. संक्रांतीला येताना वणीची थंडी सोबत आणू नका. तीळ मी निवडून ठेवले आहेत.

तुमची,
कोकिळा

ता. क. संक्रांतीला या, पण पोरीला परत घेऊ नका. पाच वर्षं ती हुस्नाबीचीच राहू दे असं तुम्हीच म्हणाला होतात, तीन महिन्यांत मुदत कुठे संपली? यांना तसं एक कडक पत्र टाका, तुमच्यापुढे ते बोलणार नाहीत. जिनिंगवर त्यांना ‘पावणेसहाची पोरगी’ म्हणून चिडवतात, म्हणून त्यांना घाई. पण पोर आपली झाली की हुस्नाबीकडे फुकट ठेवायला आपल्याला तोंड नाही, पैसे ती घेणार नाही, आणि मी पुन्हा किलोवर. आता सहा दोनशे आहे. माझे तास अर्पिताला जातील. वरचं सगळं पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. आत्ता हुस्नाबी आली होती. लपवायचं कसं, म्हणून वरचं वाचून दाखवलं. ती हसत सुटली. “विकत घेतली म्हनून सांभाळून राह्यली का मी? तुमी घ्या परत, नाहीतर नोका घेऊ. दहा वाजता पोरगी माझ्याकडंच.” तेव्हा पहिल्या ता. क.मधलं कारण रद्द समजावं.

ता. क. तिसरा. पत्र मात्र टाकाच. काल हे कामावरून आले, हातपाय धुतले, आणि कोणी नाही असं पाहून पाळण्यावर वाकून अगदी हळू म्हणाले, “माझी.” एवढंच. मी दाराआड होते, आणि मला आधीची दोन आठवली. मी ऐकलं नाही असं केलं, अंगणात गेले, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, “हुस्नाबी, तुमची मुलगी उठली हो.”