घोडेस्वारी उत्तम, उंची चप्पल धरून

रंगुआक्का,

आदी आली ती शेजारची मंगल, ती बी न बोलवता, रिकामं भांडं परत द्यायच्या निमित्तानं, आणि बसलीच. मग सांगलीच्या मिस्बाहबाई आल्या, संगं त्यांचा भाऊ तारिक, गळ्यात कॅमेरा. (तुझा गुडघा कसा हाय? थोरलीच्या पत्रात आदी पाया पडायचं असतंय, आनंदात राहून गेलं. आता पडते. दाजींना बी नमस्कार.)

ह्या बाई नटनट्यांच्या एजंट. साताऱ्याकडं मालिकांची शूटिंगं चालत्यात, तितं कुठल्या कामाला कोण शोभंल ते ह्या सुचवत्यात आणि काम मिळालं की आपला हिस्सा घेत्यात. माझी नात सृष्टी दोन वर्षं नुसती फोटो पाठवतीय. तिच्या बापानं, आकारामनं, बजावलंय की दिवाळीपर्यंत काम मिळालं न्हाई तर स्थळं बघणार. तवा बाईंनी मोबाइलवर माहिती मागवली, ती भरायला मी जातीनं बसले. पोरगी म्हणती, "आजी, खरं तेवढंच लिहू." मी म्हटलं, "खरं लिहून कुणाचं जमलंय?" (तुझ्या लग्नाच्या टायमाला आपल्या बापानं हिला पुरणपोळी येती म्हणून सांगितलं हुतं. दाजी अजून वाट बघत्यात.) मग उंची पाच फूट एकची पाच फूट पाच केली, चप्पल धरून. पोहणं उत्तम. घोडेस्वारी उत्तम.

आणि आक्का, बाई नेमक्या त्या घोड्यासाठीच आल्या! एका इतिहासातल्या मालिकेत घोड्यावरची पोरगी पायजे. पर तारिकनं आदी टेप काढली. उंची चार इंच उतरली. बाईंनी कपबशी खाली ठेवली. म्हणल्या, "आजी, माझे अब्बा हळदीचे अडते. नमुना एक आणि माल दुसरा निघाला, तर पुढच्या सौद्याला त्यांच्या ढिगाजवळ कोण थांबंल? माझा माल म्हंजे माझा शब्द. ही घोड्यावरनं पडली तर डायरेक्टर मला इचारणार." मी चष्मा पुसाय लागले. त्यात मंगल म्हणती, "घोडं? ही तर गाढवाला बी भिती!" (तिला परत भांडं देणार न्हाई.)

सृष्टी उठली. वाटलं, आता रडंल. तिनं ओढणी पदरागत डोक्यावर घेतली, भिंतीला टेकून बसली आणि माझा आवाज, माझं चष्मा पुसणं, सगळं करून दाखवलं. "लिव गं, पोहणं उत्तम. हिरीत बघाय कोण उतरतंय?" आक्का, मी समोर गप बसलेली आणि मीच तितं खोटं बोलतीय! मंगल लोळून हसली. आकारामनं टोपीनं तोंड झाकलं. बाई मातर हसल्या न्हाईत. टक लावून बघत हुत्या. म्हणल्या, "ही पोरगी मी घेतली. आता खोटं तेवढं सगळं खोडा." आकारामला म्हणल्या, "काम मिळायच्या आदी एजंट म्हणून कुणी पैसं मागितलं तर दारातनंच घालवा. मी मागितलं तर मला बी." घोड्याचं काम मातर घोड्यावर बसता आलं तरच.

तुझी धाकटी,
चंद्रा

ता. क. तुझ्या नातवाला, वीरधवलला, त्याची वरातीची घोडी घेऊन लगोलग इकडं इस्लामपूरला लावून दे. गोंडे काढून. ताशा वाजला की ती नाचती, त्याचा बी काय तरी बंदोबस्त कर म्हणावं.

आणिक एक. घोडी आपल्या घरचीच, पोरगी ल्हानपणापास्नं तिच्यावर बसती, असं मी बाई गाडीत बसताना हळूच सांगून टाकलंय. सृष्टीला ठावं न्हाई. वीरधवलला तेवढं सांभाळून घ्यायला सांग. बाई बेस्तरवारी तिला घोडीवर बघाय येते म्हणल्यात.