पुढच्या चाकाचा दोष

रविवार, ६ जानेवारी २०१९

आज जे झालं ते क्रमाने.

१. नवी प्रॅम घेऊन बिबवेवाडीला सासूबाईंकडे गेले.
२. आनंदीला प्रॅममध्ये बसवलं. म्हणजे सासूबाईंनी बसवलं.
३. बागेकडे निघालो. फुटपाथ औषधांच्या दुकानापर्यंत मोकळा होता. पुढच्या फुटपाथवर स्कूटर होत्या.
४. रस्त्यावर उतरलो. पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. कुणालाही लागलं नाही.
५. आनंदी रडायला लागली. माझ्याकडे दोन्ही हात केले. मी चाक तपासलं.
६. सासूबाई मागून आल्या, तिला कडेवर घेतलं. रडणं थांबलं.
७. परत येताना प्रॅममध्ये एक फ्लॉवर आणि मेथीच्या जुड्या होत्या.

निष्कर्ष: पुढचं चाक फार लहान आहे.

सोमवार, ७ जानेवारी

परिस्थिती एकदा नीट मांडून ठेवते. बाळंतपणानंतर माझ्या मणक्यातली चकती सरकली. डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली. मच्छिंद्रची चाकणला शिफ्ट असते. त्यामुळे आनंदी पावसाळ्यापासून त्याच्या आईकडे आहे. ही व्यवस्था तात्पुरती आहे. मी शनिवारी नाहीतर रविवारी जातेच.

एकदा प्रॅमची सवय झाली की उचलण्याचा प्रश्नच संपला. मग तिला घरी आणायचं. रथसप्तमीच्या आत. ठरलं.

मच्छिंद्रला सांगितलं. तो म्हणाला, आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मी म्हटलं, एका वेळी एकच प्रॉब्लेम. तो जेवायला बसला.

बुधवार, ९ जानेवारी

गाड्यांच्या सीटला किती कंप बसतो ते मोजणं हे माझं रोजचं काम. एक प्रॅम सुधारता येत नसेल तर डिग्री परत करावी.

कोपऱ्यावरच्या नासिरभाईंच्या सायकल दुकानात नेली. मुलांच्या सायकलची चाकं पुढे बसवून घेतली. ते म्हणाले, मॅडम, बच्चीला आणा, बसवून बघू, मग नट आवळतो. मी म्हटलं, ती गावाला असते. गाव कुठलं? बिबवेवाडी. ते हसले. म्हणाले, मग मी रोज गावाहूनच येतो म्हणायचं.

सासूबाई अजूनही गावच म्हणतात. त्यांच्या लहानपणी तिथे शेतं होती. मी चुकीचं काही बोलले नाही.

शुक्रवार, ११ जानेवारी

चाचणी घेतली. आनंदीच्या वजनाइतका तांदूळ पिशवीत भरून पट्ट्याने बांधला, कंप मोजायला फोन त्यावर ठेवला आणि प्रॅम नारायण पेठेतून फिरवली. कंप निम्म्याने कमी.

खाली प्रेमलाकाकू भेटल्या. आमच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर राहतात. अगं बाई, आणलीस का लेकीला, म्हणून घाईघाईने वाकल्या. आत पाहिलं. सरळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तांदूळ इंद्रायणी का? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, शांत आहे हो. कुणावर गेली?

मग जाता जाता म्हणाल्या, बरं केलंस काहीतरी ठेवलंस. रिकामा पाळणा हलवू नये, तशी रिकामी गाडीही ढकलू नये.

अंधश्रद्धा. तरी वर येताना तांदूळ काढला नाही. दोन जिने तो मच्छिंद्रने उचलला.

रविवार, १३ जानेवारी

पूर्ण यश. आनंदी बागेपर्यंत एकदाही रडली नाही. मोठ्या चाकांचा परिणाम.

नोंदीसाठी: सासूबाई प्रॅमच्या पुढे चालत होत्या आणि आनंदी त्यांच्या पदराकडे बघत होती. त्या कोथिंबीर घ्यायला वळल्या आणि टपरीमागे दिसेनाशा झाल्या, तेव्हा ती जोरात रडली. त्या आल्यावर थांबली. म्हणजे बाळाला समोर ओळखीचा चेहरा लागतो. दोष सीटच्या दिशेचा आहे. ही सीट उलटी बसवता येते. पुढच्या रविवारी तिचं तोंड माझ्याकडे असेल. इतका साधा उपाय आधी कसा सुचला नाही?

सासूबाई म्हणाल्या, लेकरू हाय ते उल्का, भाजी न्हाय, हिकडून तिकडं फिरवायला. त्यांना सीटचं तत्त्व समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आनंदीचं नाक पुसलं.

रविवार, २० जानेवारी

सीट उलटी केली. आनंदीचा चेहरा पूर्ण वेळ समोर होता.

ती मान वळवून मागे बघत राहिली. डावीकडून, मग उजवीकडून. मानेच्या स्नायूंना चांगला व्यायाम. मी बोलले तिच्याशी. नाव घेतलं. बसमध्ये समोर बसलेल्या बाईकडे बघावं तसं तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. लहान मुलं निरीक्षण करतात.

आज तिने हात वर केले नाहीत. उचलून घेण्याचा हट्ट कमी होतो आहे. प्रॅमचा हेतू तोच होता.

गुरुवार, २४ जानेवारी

डॉक्टर. मणक्याचे नवे फोटो चांगले आहेत. म्हणाले, मुलीला उचलायला आता हरकत नाही, गुडघ्यात वाकून घ्या, कमरेतून नको. मी विचारलं, प्रॅम चालू ठेवू ना? ते म्हणाले, ठेवा की, पण उचला. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सावधगिरी म्हणून प्रॅमच चालू ठेवते. चाचणी अर्धवट सोडणं योग्य नाही.

मच्छिंद्रने विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? सुधारणा आहे, म्हटलं.

रविवार, २७ जानेवारी

आनंदीचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुटसुद्धा. आळीतली मुलं जमली होती. बाळाला घेऊन बसा म्हणाले सगळे. मी सुचवलं की प्रॅममध्येच बसवू. उंची योग्य, पट्टा आहे, बाळ सुरक्षित. शेवटी तसंच बसवलं. मच्छिंद्र माझ्याकडे बघत राहिला.

बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले. मुलं चाकांखाली घुसली. एक बोर पुढच्या चाकात बसलं, प्रॅम तिरकी झाली, मुकुट डोळ्यांवर आला. आनंदी किंचाळली आणि आई म्हणाली. स्पष्ट. पहिला शब्द.

हात सासूबाईंकडे होते.

सासूबाईंनी तिला उचललं. त्यांचा चेहरा उतरला होता. तिला माझ्याकडे वळवून म्हणत होत्या, मी न्हाय गं, ती बघ, ती हाय तुजी आई. आनंदीने त्यांच्या खांद्यात तोंड लपवलं. मी म्हटलं, असू दे, बसा तुम्हीच घेऊन. मग त्या बसल्या आणि राहिलेलं बोरन्हाण झालं. फोटो छान आलेत. काही मीच काढले.

याला कारण आहे. त्या घरात सगळे त्यांना आई म्हणतात. मच्छिंद्र म्हणतो, मी म्हणते. बाळ ऐकतं तेच बोलतं. यात माझ्याशी संबंधित काही नाही.

बोर काढलं. चाकाला काही झालेलं नाही.

मंगळवार, २९ जानेवारी

मच्छिंद्र जेवताना म्हणाला की आईचं म्हणणं आहे, बालवाडीत जाईपर्यंत पोर तिकडेच राहू दे. तू काय म्हणालास, विचारलं. तो म्हणाला, उल्काला विचारतो म्हणालो. मी म्हटलं, पुढच्या चाकाला ब्रेक बसला की अंतिम निर्णय घेता येईल.

तो म्हणाला, एक रविवार गाडी घरी ठेवून जा ना. मी म्हटलं, मग तिथे जाऊन मी करू काय?

त्याने ताट उचललं. माझंही.

रविवार, ३ फेब्रुवारी

ब्रेक बसवून गेले. रिक्षातून उतरून अंगणात प्रॅम उघडली. ती उघडताना खट्ट असा आवाज होतो. आनंदी उंबऱ्याजवळ वाटी आपटत बसली होती. आवाज ऐकला, माझ्याकडे बघितलं आणि रांगत आत गेली. दाराआड. वाटी तिथेच राहिली.

सासूबाई म्हणाल्या, गाडीला भ्याली बघ ती, तुला न्हाय. दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवून.

आवाजाचा दोष दुरुस्त करता येईल. बिजागरीला रबराची चकती.

चहा घेतला. आनंदी बाहेर आली नाही. मला ऑफिसचं काम होतं म्हणून लवकर निघाले. काम नव्हतं. परतीच्या रिक्षावाल्याने प्रॅम मागे ठेवली आणि म्हणाला, ताई, बाळ राहिलं वाटतं. मी म्हटलं, हो. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. स्वारगेटपर्यंत हसत होता.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

रबराची चकती आणली नाही.

आईंना फोन लावला होता. मी चाकांबद्दल बोलले, ब्रेकबद्दल बोलले. त्या हूं हूं करत राहिल्या. मागे आनंदीचा आवाज येत होता. तिला फोन द्या म्हणायचं होतं, ते म्हटलं नाही. म्हणून मेसेज लिहायचा. आधी इथे लिहिते, उद्या सकाळी पाठवते.

आई, डॉक्टरांनी मला आनंदीला उचलायला परवानगी दिली आहे. मागच्या महिन्यातच दिली. मी सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे येणार नाही असं वाटलं. रविवारी दुपारी येईन म्हणते. गाडी आणणार नाही. तिला माझ्याकडे द्यायची घाई करू नका, ती तुमच्या कडेवर असली तरी चालेल. मी नुसती बसेन. येऊ का, ते शुक्रवारपर्यंत कळवा.