मागच्या सीटवरची मंदा

४ फेब्रुवारी १९९७
पोचले एकदाची सुरतजवळच्या उधन्याला! अमळनेर सोडताना आई रडली. मी मात्र गाडीभर हसत होते. सरकारी नर्स योगिता! खोली दवाखान्यामागेच आहे. प्लेगनंतर सुरत अशी झाडूनपुसून काढलीय की रस्त्यावर शेंगांची टरफलं टाकायला हात धजत नाही. आया कलाबाई आपल्या खानदेशातलीच. आल्या आल्या तिनं कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून दिला. दारात नवीकोरी जीप उभी असते, अडलेल्या बाईला मोठ्या इस्पितळात न्यायला. मोठ्या डॉक्टरांनी अभिमानानं सांगितलं, वेळेवर उपचार मिळते तर टळला असता, असा एकही मृत्यू आपल्या भागात नाही. त्यात आपण जिल्ह्यात पहिले. रविवारी त्यांचा सत्कार आहे.

१३ फेब्रुवारी
कापडाच्या लूमवर कामाला असलेल्या लोटूची बायको मंदा सकाळी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी खणखणीत रडली, पण मंदाचं रक्त थांबेना. मी बाहेर धावले तर जीप नाही. डॉक्टरांच्या घरची मंडळी तिच्यातून बारडोलीला लग्नाला गेलेली. मंदा सारखी म्हणत होती, “सिस्टर, माले मोठा दवाखानामा लई चाला.” लोटू रिक्षा घेऊन आला तेव्हा ती गेली होती.
डॉक्टरांनी त्यालाच झापलं, तूच आणायला उशीर केलास म्हणून. वरही तेच कळवलं. आपला पहिला नंबर शाबूत. मी जीपचं बोलले, तर म्हणाले, नवीन आहात, शिकाल.

१९ फेब्रुवारी
जीपची मागची सीट रक्तानं भिजलेली. ड्रायव्हर किसननं धुतली. तो जेवून येतो तोवर पुन्हा तशीच. मंदा त्या जीपमध्ये कधी बसलीच नव्हती.

२४ फेब्रुवारी
किसनला आरशात बाई दिसते. डोक्याला फडकं बांधलेली बाळंतीण. डॉक्टर हसले, स्वतः जीप घेऊन गेले. परतले. नाकाला रुमाल. रुमाल लाल.

२६ फेब्रुवारी, दुपार
डॉक्टरांचं रक्त थांबत नाही. नाक, हिरड्या, आता डोळेही. त्यांना मागच्या सीटवर झोपवून इस्पितळाकडे निघालो. चौक ओलांडला, वळलो — समोर आमचाच दवाखाना.
पुन्हा निघालो. पुन्हा दवाखाना.
ऊन जागचं हलत नाही. वही मांडीवर —
एवढं रक्त गेल्यावर माणूस जगत नाही. हे मरत नाहीत. विचारतात, पोचलो का —
मंदा. किसनच्या शेजारी. मागं वळून म्हणाली, “आजून टाईम शे, सिस्टर. याले वाचाडता ई.” अजून वेळ आहे म्हणे, वाचवता येईल. आणि हसली.
किसन उडी टाकून पळाला. जीप चालूच आहे. कुणी चालवत नाही —
थांबली. माझ्या बाजूचं दार उघडलं. ती म्हणते, तुम्ही उतरा. तुमच्याशी माझं वैर नाही.
डॉक्टरांनी माझा डावा हात घट्ट धरलाय. म्हणतात, जाऊ नका, सिस्टर, तिच्याबरोबर एकट्याला —
लोटूला झापताना हाच आवाज किती चढला होता.
दार उघडं आहे. मी उतरणार. त्यांची बोटं सोडवायला हा लिहिता हात लाग—