न पाहिलेला कोन

मी हाताकेयामा यासुझो, वय वर्षे बहात्तर, राहणार कुरोमात्सु-हामा, आकिता, माझ्या मागे काय व्हावे ते स्वखुशीने सांगत आहे आणि नोटरी मोगामी साहेब ते लिहून घेत आहेत. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत. कालपासून थेंबभरही घेतलेली नाही, हे मुलीच्या समाधानासाठी लिहावे.

कलम पहिले. राहते घर, आवार व पासबुकात असेल ते, सर्व माझी मुलगी फुमिए हिला. आवारातले अक्रोडाचे झाड तोडू नये. जावई दर वर्षी म्हणतो, "बाबा, गाडी लावायला जागा होईल." गाडी बर्फात राहू दे.

कलम दुसरे. बर्फ काढायचे लोखंडी फावडे शेजारच्या कामादाला. अकरा हिवाळे ते त्याच्याकडेच आहे आणि मागायला गेलो तर मलाच विचारतो, "कधीपर्यंत परत देणार?" आता ते खरोखरच त्याचे.

कलम तिसरे. अंत्यविधीत माझ्या गुणगानाचे भाषण कुणीही करू नये. कारण पुढे आहे.

कलम चौथे. हे मालमत्तेबद्दल नाही, तरी लिहून घ्यावे. मोगामी साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आहेत, पण लिहीत आहेत.

सन १९५८, सप्टेंबरअखेर. आमच्या किनाऱ्यावरून तोक्योची मंडळी अग्निबाण सोडत. वरच्या हवेचा दाब आणि थंडी-ऊब मोजणारी यंत्रे त्याच्या टोकात असत. पण दाब कळला तरी तो किती उंचीवरचा, हे कळल्याशिवाय सगळे फुकट. त्यासाठी वाळूत दोन झोपड्या बांधल्या होत्या. उत्तरेकडच्या झोपडीत मी, दक्षिणेकडच्या झोपडीत नारिता गेनजिरो. दोघेही गावचीच पोरं, बावीस वर्षांची, नजर तेज म्हणून निवडलेली. दुर्बीण हाताने फिरवत बाणाच्या धुरामागे जायचे आणि घंटा वाजली की कोन वाचायचा. दोन झोपड्यांच्या कोनांवरून उंची निघे.

आदल्या महिन्यात एक बाण वाळूतच आडवा होऊन फुटला होता. त्या धास्तीने सप्टेंबरातल्या त्या दिवशी बाण सुटताना मी वाळूच्या पोत्यांमागे डोळे मिटून बसलो. उठून दुर्बिणीला डोळा लावला तर आकाश कोरे. घंटा आपली वाजतेच आहे. पुढ्यात अंदाजाचा तक्ता होता: बाण सरळ गेला तर कोणत्या घंटेला कोणता कोन. मी त्यातलेच आकडे जरा इकडेतिकडे करून लिहिले. खरे वाटावेत म्हणून अंशांना मिनिटेही, म्हणजे अंशाचे साठावे भागही, जोडली. घाबरल्याची लाज वाटते, पण त्या मिनिटांची जास्त वाटते.

गेनने दिसले ते लिहिले. बाण वाकडा गेला होता, फार खालून. शेवटच्या घंटेला त्याचा कोन एकेचाळीस अंश सतरा मिनिटे ('सात' खोडले, मोगामी). माझा अठ्ठावन्न अंश आणि वर ती जोडलेली मिनिटे. गटप्रमुखांनी दोन्ही कागद तक्त्याशेजारी ठेवले. माझा जुळला.

"नारिता, उन्हानं डोळे दिपले असतील," ते म्हणाले. "आकडा दुरुस्त कर, सही कर, विषय संपला."

"दिसलं ते लिहिलंय, सर. न दिसलेल्याखाली सही कशी करू?"

मी शेजारीच उभा होतो. बूट बघत होतो.

गेनला दुसऱ्या दिवशी काढले. मला शाबासकी म्हणून सेकंद मोजायचे घड्याळ मिळाले. खालच्या हवेचा दाब वरच्या हवेचा म्हणून अहवालात छापला गेला. गेन मासेमारीच्या नावेवर टेहळणीचे काम मागायला गेला तर नाखवा सगळ्यांदेखत म्हणाला, "ज्याला आभाळातला जळता बाण दिसला नाही, त्याला पाण्यातला मासा काय दिसणार!" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून गावात तो आंधळा नारिता. पन्नास वर्षे त्याने धुरावर मुळे टांगून लोणचे केले, आणि दर हिवाळ्यात पहिला मुळा माझ्या दारात. "यासु, यंदा जरा खारट झालाय बघ." मी खातो. लाज गिळून गिळून सवय होते म्हणतात. साफ खोटे आहे.

कलम पाचवे. ते घड्याळ गावच्या सभागृहात ठेवावे व खाली लिहावे: "न पाहिलेल्या आकड्यासाठी मिळालेले बक्षीस." कलम चौथ्याची प्रत अहवाल छापणाऱ्यांना उद्याच्याच टपालाने पाठवावी. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

कलम सहावे. पहिल्या मसुद्यात मी मागचे मुळ्याचे शेत गेनच्या नावे केले होते. बेत असा होता की मी मेल्यावर त्याला शेत मिळेल, सत्यही कळेल आणि मला तोंड दाखवावे लागणार नाही. मोगामी साहेब म्हणाले, "आजोबा, दोन साक्षीदार लागतील. त्यांच्यासमोर सगळं मोठ्यानं वाचावं लागतं. आणि ज्याला काही मिळणार, तो साक्षीदार चालत नाही." घरी जाऊन तीन दिवस विचार केला. माझा बेत म्हणजे पुन्हा पोत्यांमागे बसणेच होते.

म्हणून शेत रद्द. तेही फुमिएला. गेन, तुला माझ्याकडून काही मिळणार नाही. तू इथे समोर बसून ऐकावंस म्हणून. "सहीला ये, मग आंघोळीला जाऊ," एवढंच तुला सांगितलं, तेही अर्धवट. दुसऱ्या साक्षीदार गावच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या मालकीणबाई आहेत. त्यांच्या कानावर गेले की संध्याकाळपर्यंत गावाला कळते, म्हणून मुद्दाम बोलावले.

गेन, तुझी नजर चांगली होती. मी पाहिलंच नव्हतं.

स्थळ: कुरोमात्सु-हामा. गुरुवार, ९ ऑक्टोबर २००८.

नोटरीची नोंद: वाचन संपल्यावर साक्षीदार क्रमांक एक यांनी कलम चौथे पुन्हा वाचायला लावले. नंतर त्यांनी सहीस हरकत घेतली. त्यांचे शब्द: "सात नाही, सतरा. एकेचाळीस अंश सतरा मिनिटं. चुकीच्या आकड्याखाली मी सही करत नाही." त्याप्रमाणे कलम चौथ्यात दुरुस्ती केली. दुरुस्तीशेजारी मृत्युपत्रकर्त्यांचा शिक्का दुसऱ्या प्रयत्नात नीट उमटला.

हाताकेयामा यासुझो (सही, शिक्का)
साक्षीदार दोन: ओगावारा सुमि (सही, शिक्का)
साक्षीदार एक: नारिता गेनजिरो (दुरुस्ती तपासून सही, शिक्का)