उन्हात जाण्याआधी

प्रिय दादा,

तुझा फोन आला की मी "सगळं ठीक" म्हणते, तू "बरं" म्हणतोस आणि ठेवतोस. इतकी वर्षं आपलं असंच चाललंय. म्हणून आज फोन न करता लिहायला बसले. अक्षर नेहमीसारखंच टपोरं आणि वाकडं आहे. नाक कागदाला टेकवून लिहिते, तेव्हा चालवून घे.

रोपवाटिकेत सध्या कामाची झुंबड आहे. मी कलमं बांधते. माझ्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं, त्यामुळे नाजूक फांद्या मालक माझ्याकडेच देतात. जाळीखाली सावली असते, पण पाणी द्यायला उघड्यावर जावंच लागतं. निघण्याआधी अर्धा तास सनस्क्रीन लावून बसते. आधीच मी पांढरीफटक, त्यात हे फासलं की सोबतच्या बायका म्हणतात, आली बघा चुन्याची भिंत. मीही हसते.

आपल्या घराची मागची खोली आठवते तुला? बाबांनी कोटाचं जाड कापड दुहेरी शिवून खिडकीला लावलं होतं. पुढे त्यांचं शिलाई मशीन, मागे मी. लोक मला बघून कुजबुजायचे ते त्यांना सोसवायचं नाही, आणि उन्हात माझी कातडी भाजायची ते त्याहून नाही. दोन्हींवर त्यांनी एकच उपाय काढला. दिवसभर मी आत बसून बटणं लावायचे. उजाडलं कधी, मावळलं कधी, ते मला मशीनच्या आवाजावरून कळायचं. बाहेरचं सगळं मला तूच आणून द्यायचास. शाळेतून आलास की दप्तर फेकून आधी माझ्याकडे. कोण कुणाशी भांडलं, कुणाचा कुत्रा कुणाच्या मागे लागला, तळ्यात बेडकांची पिल्लं शेपटी कशी हलवतात. त्यातल्या अर्ध्या थापा असायच्या, मला माहीत होतं.

मग ती दुपार. बाबा कापड आणायला गेले होते, आईचा डोळा लागला होता. तू हळूच कडी काढलीस आणि मला तळ्यावर घेऊन गेलास. उजेडाने मला डोळे उघडवत नव्हते. पण तुझ्या ओंजळीतलं पिल्लू माझ्या तळहातावर वळवळलं आणि मी मोठ्याने हसले. माझं इतकं मोठं हसणं मीच पहिल्यांदा ऐकलं. पाण्यात पाय सोडून आपण किती वेळ बसलो, कुणास ठाऊक. संध्याकाळी खांदे लालभडक झाले, मग पाठभर फोड आले. कित्येक दिवस मी पालथी पडून होते. बाबा तुला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मागच्या दाराला कुलूप घातलं आणि तुझ्याशी बोलणं टाकलं. आणि तू माझ्याशी. दाराशी यायचास, माझ्या पाठीकडे बघायचास आणि निघून जायचास. दादा, कुलूप नावालाच होतं. मी कोंडली गेले ती तुझ्या गप्पा थांबल्या तेव्हा.

तू शिकायला बाहेर पडलास, त्यानंतरचं तुला कुणी सांगितलंच नसेल. एक त्वचेच्या डॉक्टरबाई कोट शिवायला आल्या होत्या. माप देता देता त्यांना आतल्या दारातून माझे हात दिसले. कुणी बोलवायची वाट न बघता त्या आत आल्या, माझी मान, कान नीट तपासले आणि बाबांना म्हणाल्या, "हिच्या कातडीत रंगच नाही, म्हणून ऊन सोसत नाही. बाकी मुलगी धडधाकट आहे. हिला बाहेर न्या. सकाळी न्या, क्रीम लावून न्या, झाकून न्या, पण न्या." कोट न्यायला आल्या तेव्हा एक ट्यूब ठेवून गेल्या.

बाबांनी ती रिळांच्या फळीवर ठेवली, ती तिथेच राहिली. कित्येक आठवडे मी तिच्याकडे बघत बटणं लावली. विचारायची हिंमत झाली नाही. एका सकाळी आईनेच ती उतरवली. माझा चेहरा, कानांच्या पाळ्या, मान, पावलं, काही सोडलं नाही. लांब बाह्यांचा सदरा घातला, रुंद टोपी चढवली आणि बाबांसमोर जाऊन किल्लीसाठी हात पसरला. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली, किल्ली काढली. मग दिली. आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो, बस एवढंच. आल्यावर बाबांनी माझी मनगटं उलटसुलट करून पाहिली. कुठेच लाल नव्हतं. ते मशीनवर जाऊन बसले, पण बराच वेळ मशीन चाललं नाही.

पुढे माझ्याही चुका झाल्या. सुवासाचं घेतलं, डोळे झोंबले. पुरवून पुरवून लावलं, नाक सोललं. आता विचारशील तर झोपेतही सांगेन. उन्हातले यूव्हीए, यूव्हीबी असे दोन्ही किरण अडवणारं हवं, एसपीएफ पन्नास, बिनवासाचं. हात आखडता घ्यायचा नाही. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, घाम आला तर त्याआधीच. आणि ढग आहेत म्हणून फसायचं नाही.

बाळ झाल्याचं कळवलंस, फोटो मात्र पाठवला नाहीस, तेव्हाच मला शंका आली होती. काल आई फोनवर बोलली. तुझी लेक माझ्यासारखी आहे. तू तिला उंबऱ्याबाहेर आणू देत नाहीस, वहिनी रडते आणि तू कुणाशीच बोलत नाहीस. दादा, मी भाजले ती तुझ्यामुळे नाही. मला उन्हात कसं न्यायचं, ते तेव्हा आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आता तुला माहीत आहे. सहा महिन्यांची होईपर्यंत तिला क्रीम नको, सावली, टोपी आणि अंगभर सुती कपडे पुरेत. पुढचं तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवू, डोळेही दाखवून घेऊ. मी रविवारी येते. सकाळी ऊन चढायच्या आत झाडांच्या सावलीतून तिला फिरवून आणू. मी घेईन तिला. तुला काही करायचं नाही, नुसता बरोबर चल.

तुझीच,
धाकटी