तुमच्या नावानं बंद झालेली खाती

आप्पा, शिरूरच्या डेअरीत आज जे चालतंय त्यातलं माझ्या हातचं काय काय आहे ते आधी सांगतो. कॅन उपडे घालायचं अँगलचं स्टँड माझं, वेल्डिंगसकट. फॅट मशीनवर धूळ बसू नये म्हणून केलेली पत्र्याची पेटी माझी. तिच्या बिजागऱ्या अजून कुरकुरत नाहीत. लाइट गेली तरी कॉम्प्युटर चालावा म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडून दिलेला इन्व्हर्टर माझा. आणि शेवटचा, जो हातात धरता येत नाही, तो रोबो. तुम्ही असता तर विचारलं असतं, "ह्याचे हातपाय कुठंयत रे?" नाहीत. तो कॉम्प्युटरच्या आतच असतो. हे उघड, ते बघ, आकडा इथून उचल, तिथं टाक, असं आपण पडद्यावर रोज जे करतो ते त्याला एकदा नीट दाखवलं की तो न दमता तेच करत राहतो. कोर्स केला नाही, कुणाला फी दिली नाही. मोबाईलवर बघत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून मांडत उभा केला. एक पायरी जरी पुढंमागं झाली असती तर सगळ्या तालुक्याच्या दुधाचा पगार अडला असता. एकदाही अडला नाही.

तो तुमच्याच टेबलावर चालतो. सकाळी मी कुलूप काढतो तेव्हा खुर्ची रिकामी असते आणि पडद्यावरचा बाण आपला आपण फिरत असतो. गावोगावच्या केंद्रांवरून आलेलं दूध तो बघतो, फॅट ताडून बघतो, बिलं करतो, संशय आला तर खातं बंद करून खातेदाराच्या मोबाईलवर तसा मेसेज धाडतो. हे सगळं तो यंदाच्या दिवाळीपर्यंत तुमच्या नावानं करायचा. दुसऱ्या कुणाच्या नावाला तेवढे अधिकारच नव्हते. तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी हौदापाशी बोलावून पासवर्ड माझ्या कानात सांगितलात. "ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ. नव्या साहेबाला आधी वर्षभर वास घेऊ दे दुधाचा." तुम्ही मला दिलेली वस्तू म्हणाल तर ती एवढीच. नंतर तुम्ही कायमचेच गेलात. तुमचं नाव कॉम्प्युटरातून काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मलाही ते सोयीचं पडलं.

तुमची एक शिवी मात्र मी त्याला शिकवली नाही. वडगाव रासाईच्या केंद्रावर मी काट्यापाशी उभा आहे, मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि एका म्हाताऱ्याचं दूध रोजच्या दुप्पट आलंय. मी चारचौघांत ओरडतो, "पाणी घातलंय, न्हाईतर बाहेरनं आणलंय!" म्हातारा खाली बघतो. तुम्ही लुना लावून येता, माझ्या हातातलं माप काढून घेता. "गाढवा, शेजारी कोन गेलंय ते इचारलंस का?" शेजारी तरणा मुलगा गेला होता. सुतकातल्या घरचं दूध त्या घराच्या नावावर घालत नाहीत. भावकीबाहेरचा शेजारी धार काढतो, आपल्या खात्यावर घालतो आणि तेरावं झालं की पैसे पोचवतो. हे गावात सगळ्यांना माहीत, आणि लिहिलेलं कुठंच नाही. "दूध डबल झालं की आधी मानसं मोजायची," तुम्ही म्हणालात. कुणाचंही खातं बंद करण्याआधी तुम्ही त्याच्या दारात जाऊन यायचात. चहा मिळाला तर चहा घेऊन, नाही मिळाला तर तसेच.

मी रोबोला शिकवलं ते असं: सलग तीन दिवस दूध दुप्पट, फॅटही वेगळी, तर खातं थांबव. आठ दिवस दूधच नाही, तर खातं बंद. पहिल्याच महिन्यात त्यानं दुधात पावडर कालवणारे दोघं धरले. साहेबांनी पेढे वाटले, मीही खाल्ले.

यंदा दिवाळी झाल्यावर मी वडगावच्या केंद्रावर मशीनची वायर बदलायला गेलो होतो. एक मावशी बाजूला उभ्या होत्या, कपाळ मोकळं. केंद्रवाला माझ्याकडं बोट करून म्हणाला, "इचारा ह्यास्नी. हेच हायती यंत्राचे मालक." त्या पुढं आल्या.

"आमचं खातं बंद झालंय. दहाव्याला घाटावर व्हतो, तवाच मोबाईल वाजला. सुनंनं वाचून दावलं."

"मग तक्रार का नाही केली, मावशी?"

"आप्पांनी बंद केलं म्हटल्यावर काय तक्रार करायची? खाली नाव व्हतं की त्यांचं. म्हटलं, आमचंच कायतरी चुकलं आसंल."

मी हातातली पक्कड खाली ठेवली. त्यांचं दूध शेजाऱ्यानं आपल्या खात्यावर घातलं होतं, म्हणून तेही खातं थांबलं होतं. दोन्ही घरांचं दूध महिनाभर परत गेलं, आणि दोनातली एक म्हैस त्यांनी व्यापाऱ्याला दिली.

"आदी सोता यायचे," त्या म्हणाल्या. "आता वय झालं आसंल, न्हाई का? म्हनून मोबाईलवर कळवत्यात. बरे हायती नव्हं?"

मी म्हणालो, "बरे आहेत."

शिरूरला येऊन मी तुमच्या नावानं बंद झालेली खाती पडद्यावर काढली. मांडवगण फराट्याच्या एका घरी फोन लावला. कोण बोलतंय हेही न सांगता माझ्या तोंडून गेलं, "घरात दुःख झालं होतं का?" पलीकडचा माणूस हळूच म्हणाला, "तुमाला कसं कळलं?" पुढचा फोन लावला. तिथंही तेच. ज्या घरात माणूस जाई, त्या घरात रोबो पोचत होता, आणि तुमचं नाव सांगत होता.

मावशींचं आणि बाकीच्यांचं खातं मी त्याच दिवशी उघडलं. मेसेजखाली तुमचं नाव येऊ नये म्हणून रोबोला कॉम्प्युटरात त्याचं वेगळं नाव काढून दिलं. एक पायरी वाढवली: खातं बंद करायच्या आधी थांब, माणसाला विचार, माणूस दारात जाऊन येईपर्यंत पुढं जाऊ नकोस. मग पुण्याहून मोठे साहेब आले. रोबो दौंडला आणि बाकीच्या सगळ्या केंद्रांवर न्यायचा होता, फक्त ती पायरी काढून. "थांबणारा रोबो घेऊन काय करू?" ते हसून म्हणाले. "थांबायला माणसं आहेतच की पगारावर!" मी नाही म्हणालो. ते चिडले नाहीत. मला वाटलं, विषय संपला.

गेल्या आठवड्यात दौंडहून आपल्या दुधाच्या टँकरच्या एका ड्रायव्हरचा फोन आला. "दादा, हे आप्पा कोन? आमच्या सासूबाईंचं खातं बंद केलंय त्यांनी." मोठ्या साहेबांनी माझ्या जुन्या रोबोची नक्कल उचलली होती, तुमच्या नावासकट. मी दौंडच्या ऑफिसला फोन केला, निदान नाव तरी काढा म्हणालो. तिथला मुलगा अदबीनं बोलला, "सर, चालतंय ना व्यवस्थित? मग कशाला हात लावायचा?" म्हटलं, आपणच आत जाऊन थांबवू. तुमचा पासवर्ड टाकला. चालला नाही. सावकाश, एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. कुणीतरी बदललाय, आप्पा. आता तुमच्या नावानं आत जाता येतं ते फक्त त्या रोबोला.

त्या मावशी परवा केंद्रावर भेटल्या. तुमच्यासाठी खरवस पाठवू का, विचारत होत्या. मी हो म्हणालो.

हे कुणाच्या हातात द्यायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवतो. मोठे साहेब आले त्या दिवशी त्यांनी आकडाही सांगितला होता: दौंड धरून सगळ्या केंद्रांवर रोबो मीच बसवायचा, थांबायची पायरी काढायची, आणि त्याचे मला बारा लाख. मी नाही म्हणालो. म्हणण्याआधी आकडा मात्र साहेबांकडून दोनदा वदवून घेतला.